सहा वर्षांचा जहागीरदार

राजवाडा, पॅरिस
सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

माओताई,

मी धडधाकट आहे आणि अजून तुझ्यापेक्षा देखणी आहे. दाजींचं पोट दारातून आत येतंय ना? काल इथं सणाचे हंस भाजले. मांडीचा तुकडा मी आधीच लांबवला. विधवा बाईला कोण विचारतंय!

काल आमच्या गोतिएला जहागीर मिळाली. गादी थोरल्या भावाची, म्हणून या धाकट्या राजपुत्राला मोर्वाल परगणा आणि काउंट ही पदवी. सकाळी काउंटांनी सदरा उलटा घातला होता.

"अहो काउंटसाहेब, पुढचं मागं झालंय."

"मग तूच मागं ये ना, ओदीन!"

असा वाह्यात. माझ्याच अंगावर प्यालेला, दुसरं काय होणार?

दरबारात एकेक सरदार गुडघे टेकतो आणि आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देतो. तेवढ्याशा मुठीत ते अस्वलाचे पंजे मावायचे कसे? म्हणून आम्ही स्वयंपाकघरात तालीम केली. मी सरदार. नाकाखाली कांद्याची पात, मिशी म्हणून. तो हसून लोळायचा. मी दटावलं, "हसायचं नाही. रडायचं नाही. माझ्याकडे बघायचं नाही. चारचौघांत दाईचं नाव काढायचं नाही. तू आता धनी."

काल सगळं नीट झालं. एकदासुद्धा हसला नाही.

मग त्याच्या नव्या कारभाऱ्यानं विचारलं. माणूस वाईट नाही, वाकून विचारलं, "महाराज, उद्या मोर्वालला निघायचं. इथलं कोण हवं बरोबर?"

माझी पेटी बांधलेली होती, ताई. मी खांबाशी उभी होते. गोतिएनं मान वर केली नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "माझा कुत्रा."

सगळे हसले. मीही हसले.

आज सकाळी गेले. कुत्रा गाडीत बसला होता. मी अंगणात होते. शिकवल्याप्रमाणे त्यानं बघितलं नाही. नंतर मी वाटाण्याचं सूप प्यायले. मीठ होतं की नव्हतं, आठवत नाही.

राणीसाहेबांनी लोकरीचं कापड दिलंय. चांगलं जाड आहे. आठवड्याभरात मी गावी येईन.

कोलेतसाठी त्या कापडाचा झगा शिवू म्हणते. माप कळव. दुसऱ्याचं पोर पाजायला आले तेव्हा माझी कोलेत पाळण्यात होती, आता केवढी झाली मला ठाऊक नाही. ती तुलाच आई म्हणते, असं तू कळवलं होतंस. म्हणू दे. मी आले की तिला काही सांगत बसू नकोस. माझी जागा चुलीकडच्या खोलीत कर. ती घाबरली तर मी गोठ्यात झोपेन.

कोलेतला पापा.

तिची मावशी,
ओदीन