पूर्वेची खिडकी

गुरुवार, १२ मार्च. संध्याकाळ.

अनघा मनूला घेऊन दुपारच्या एसटीने पुण्याला परत गेली. दहा दिवस राहायचं ठरलं होतं, तिसऱ्याच दिवशी निघाल्या. लेकीच्या मागे मीच लागलो होतो. "पोरीला दमा आहे. तुमच्याकडे भोवती डोंगर, धूर कोंडून राहतो. इकडे ये गो, समुद्राची हवा आहे."

आणि आज पहाटे पूर्वेची खिडकी मीच उघडली. मोकळी हवा म्हणे! तीस वर्षं भूगोल शिकवला. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे सातवीच्या पोरांकडून घोकून घेतलं. आतल्या गावांत सध्या भाजावळ चालू आहे, शेतात पालापाचोळा जाळतायत. तो सगळा धूर त्या खिडकीतून थेट मनूच्या अंथरुणावर. पोरीला श्वास पुरेना.

अनघा रागावलीसुद्धा नाही. खिडकी लावून घेत म्हणाली, "जाऊ दे बाबा, तुम्हाला तरी काय माहीत."

मला? मला माहीत नव्हतं?

त्यांना गाडीत बसवून घरी आलो तर वारा फिरला होता. समुद्रावरून येणारी स्वच्छ, खारट हवा. पूर्वेची खिडकी अजून तशीच, अनघाने लावलेली. बाकी सगळ्या उघडल्या. घरभर हवा खेळतेय. घ्यायला मी एकटा.