तिसरी हाक

२ ऑगस्ट, वरसे
पेणहून सकाळच्या एसटीने रोह्याला उतरलो. पुरात खचलेली घरं पाडायला माणसं हवीत असं कळलं आणि मी आपला रजा टाकून हजर! मुक्काम शाळेत, पिठलं-भात एकदम झकास. म्होरके हैबतराव, जेसीबीवर कमळाकर. माझं काम सोपं आहे: पाडण्याआधी दारात उभं राहून घरमालकाच्या नावाने तीन हाका मारायच्या, प्रत्येक हाकेनंतर भिंतीला कान लावायचा, कोणी नसलं तर ब्रशने भिंतीवर लाल फुली, म्हणजे घर पाडायला मोकळं. गावचा रिवाज हाय, तीन म्हणजे तीन, असं हैबतरावांनी बजावलं. मला हसू आलं, पण मारल्या हाका.

४ ऑगस्ट
दिवसभर पाऊस. चार घरं झाली. पाचवं काळुराममामांचं, ते एकटेच राहायचे, लेकीकडे गेले असतील असं सगळे म्हणाले. कमळाकर आवर, आवर म्हणून डोकं खात होता. दोनच हाका मारल्या आणि फुली ओढली. भिंत कोसळताना आतून कोणीतरी "व्हय, आलो" म्हटलं. छे, इंजिनाचा आवाज असेल.

५ ऑगस्ट
मामांची लेक रोहिणी आली. बाबा तिच्याकडे गेलेच नव्हते. त्यांना कमी ऐकू यायचं, तिसऱ्या हाकेशिवाय ते कधी उठले नाहीत, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे म्हणे. तीन हाका मारल्या का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. देवा, कसं म्हणालो मी!
संध्याकाळी मामा सापडले. दाराजवळ. हात कडीवर.

६ ऑगस्ट
जेवण जात नाही. ज्या घरापुढे हाक मारतो तिथून उत्तर येतं. "व्हय, आलो." तोच आवाज. बाकी कोणाला ऐकू येत नाही. रोहिणीला खरं सांगायला गेलो, तोंडच उघडेना. हैबतरावांनी हाकांचं काम नवीन आलेल्या जितेशला दिलं.

७ ऑगस्ट
शांतीबाईंच्या घरात आहे, आज हेच पाडायचंय. जितेश यायच्या आधी राहवेना म्हणून मीच हाक मारली, आतून पुन्हा "व्हय" आलं. या खेपेला तरी कोणी वाचेल म्हणून शिरलो. आत कोणी नाही. चौकट खचली, दार अडकलंय.

बाहेर जितेश. पहिली हाक. ओरडलो — आवाज नाही. मुठी आपटल्या, त्यांचाही नाही.

दुसरी. ओठ हलतात फक्त —

कमळाकर त्याला आवर म्हणतोय. भिंतीवर ब्रश घासतोय —

जितेश, अजून एक मार रे बाबा, तिसरीला मी नक्की ओ दे