जपानी पत्त्यांची वही

रत्नागिरी,
बुधवार, २१ सप्टेंबर २००५

अब्बा,

अस्सलामु अलैकुम. इथे सगळे बरे आहेत. अम्मीचा गुडघा आता कमी दुखतो, झोया तिला घरकामात मदत करते. पूर्णगडच्या घराची उत्तरेकडची कौलं यंदा गळली नाहीत. हफीजा फुफी सलाम सांगते. मी अजून राजिवड्यात तिच्याकडेच राहतो, इथून कॉलेज जवळ पडतं. तुम्ही पाठवलेला व्हिसाचा कागद आणि दोन ऑक्टोबरचं तिकीट मिळालं, हे फोनवर सांगितलंच आहे.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणतो. अस्लमचाचांचा जावई शनिवारी कुवेतला निघतो. त्याच्या हाती हे देतो. एकट्याने वाचा.

शेवटचं वर्ष अर्धं सोडून दोन तारखेला विमानात बसायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. रविवारपर्यंत तो प्रश्नही नव्हता. मी बॅग काढून ठेवली होती. म्हणून आधी रविवारचं लिहितो.

रविवारी मारुती मंदिराजवळच्या एका हॉलमध्ये पत्त्यांची स्पर्धा झाली. तुम्ही ९८ साली रजेवर आलात तेव्हा मला आणून दिले होते तसल्या पत्त्यांची. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र, त्याच्या ताकदीचा एक आकडा आणि तो पत्ता काय करतो त्याच्या चार ओळी. इथे आता हे पत्ते इंग्रजीत मिळतात, कॉलेजातली अर्धी मुलं खेळतात. प्रत्येकाने चाळीस पत्त्यांचा आपला डेक घरून बांधून आणायचा. कोणते चाळीस, ते ज्याने त्याने ठरवायचं. अर्धा खेळ तिथेच होतो.

तुमचे पत्ते जपानी होते. तुम्ही काम करता त्या कुवेतच्या बंदरात जपानी गाड्या उतरवणारं जहाज लागलं, त्याच्या कप्तानाने खूश होऊन तुम्हाला दिले, असं तुम्ही सांगितलं होतं. काही पत्त्यांच्या कोपऱ्यात हिरव्या पेनने अरबीत 'फहद' लिहिलेलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, कप्तानाचं नाव. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. जपानी कप्तानाचं नाव फहद कसं, हे मला सुचलं नाही.

आणि ती वही. रजेचे दोन महिने तुम्ही ओट्यावर बसून एकेक पत्ता समोर धरायचात आणि त्याचा अर्थ वहीत लिहायचात. वर मोठ्या अक्षरात लिहिलंत, 'कप्तानाने सांगितल्याप्रमाणे'. एकूण अठरा अर्थ. टाकलेल्या पत्त्यांना तुम्ही 'दर्यात गेलेले' म्हणायचात, मी अजून तेच म्हणतो. कंदील घेतलेला म्हातारा होता, त्याला आपण कंदीलवाला म्हणायचो. वहीत लिहिलं आहे: 'हा आला की दर्यात गेलेल्यांतला एक माणूस परत येतो.' कंदीलवाले माझ्याकडे तीन आहेत. मी सात वर्षं त्यांच्या जिवावर जिंकलो.

शनिवारी दुपारी अनिल फुफीच्या ओट्यावर आला. तो माझ्या वर्गात आहे, शिरगावचा. त्याने आपला इंग्रजी डेक माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो घे. माझ्यापेक्षा तू बरा खेळतोस. ह्यात डोकं लावायचं नाय, मारत सुटायचं."

मी म्हटलं, माझा डेक ठरलाय. कंदीलवाल्यांचा.

"मेल्या, त्या वहीवर खेळणार तू? आपल्या दोघांत ठीक होतं. तिथे बाहेरची पोरं येणार."

"वहीत काय वाईट आहे?"

"वाईट नाय रे. पण खरं कशावरून?"

"अब्बांनी लिहिलंय."

"ते झालंच. पण त्यांना जपानी कुठे येतंय?"

"कप्तानाला येत होतं."

अनिल हसला. मी त्याला म्हटलं, तुझा बाप गावात बसून आंबे मोजतो, तुला जहाजावरच्या गोष्टी काय कळणार. त्याने आपला डेक उचलला आणि निघून गेला. फुफी आतून ओरडली, "पोराला चहा तरी विचारायचास!" पाच वर्षांत मी त्याच्याशी असा बोललो नव्हतो. तुमच्या बाजूने बोललो.

स्पर्धेत नियम होता की इंग्रजी नसलेल्या पत्त्यांचे अर्थ सोबत लिहून द्यायचे. मी वही दिली. पंच निशिगंधा नावाची मुलगी होती, मुंबईहून आलेली, इंजिनिअरिंगची. तिने पानं उलटली, घाईत होती, ठीक आहे म्हणाली. पहिल्या दोन फेऱ्या मी जिंकलो. दोन्ही वेळा कंदीलवाल्याने.

तिसऱ्या फेरीत चिपळूणची राही समोर आली. बारावीतली, दोन वेण्या, सारखी बडबड. मी कंदीलवाला ठेवला आणि म्हटलं, दर्यातून एक परत घेतो.

"कुठून?"

"दर्यातून. हे टाकलेले आहेत ना, त्यातून."

"दादा, हा पत्ता माझ्या भावाकडे इंग्लिशमध्ये आहे. तो असलं काही करत नाही."

"हा जपानी आहे."

"जपानी म्हातारा काय वेगळा असतो? मॅडम, जरा इकडे या. हे दादा दर्यात जाळं टाकतायत."

आजूबाजूची टेबलं हसली. निशिगंधाने बॅगेतून छापलेली यादी काढली, चित्रावरून पत्ता शोधला आणि वाचला. 'हा पत्ता टेबलावर येताच त्याच्या मालकाने हातातले सगळे पत्ते टाकून द्यावेत.' म्हणूनच त्याचा आकडा एवढा मोठा आहे. एवढा मोठा आकडा फुकट कसा मिळेल, असा प्रश्न एखाद्या लहान मुलालाही पडला असता.

मी म्हटलं, दुसरे बघा. तिने बघितले. एका हाताने वही, दुसऱ्या हाताने यादी. अठरांपैकी दोन अर्थ जुळले. ते दोन चित्रावरून कोणीही सांगितले असते: आग लागलेलं घर आणि बंद दरवाजा.

"हे कोणी लिहिलंय?" तिने विचारलं.

"अब्बांनी."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "छान लिहिलंय. पण यातलं काहीच नाहीये."

ती हसली असती तर मला चाललं असतं.

मुद्दाम केलेलं दिसत नाही म्हणून तिने मला बाद केलं नाही. खरे अर्थ धरून पुढे खेळ म्हणाली. कंदीलवाला टेबलावर होताच. मी हातातले पाचही पत्ते खाली ठेवले. शेवटपर्यंत राहीने एकही विनोद केला नाही आणि मला सरळ हरवलं. आधीच्या दोन फेऱ्यांत मी ज्यांना हरवलं होतं ती मुलं मागेच उभी होती. मी जाऊन त्यांची माफी मागितली. एक म्हणाला, असू दे. दुसरा पाठ फिरवून निघाला.

अब्बा, हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खेळावरून? लहान पोराला खूश करायला बापाने चार गोष्टी रचल्या, तर बिघडलं काय?

रचल्या असं सांगितलं असतंत तर काही बिघडलं नसतं. "झैन, मला हे वाचता येत नाही, चल आपण ठरवू," असं म्हणाला असतात तर मी आनंदाने ठरवलं असतं. तुम्ही कप्तान आणलात. वर त्याचं नाव घातलंत. मी वाद घालू नये म्हणून एक मोठा माणूस मध्ये उभा केलात.

सोमवारी मी व्हिसाचा कागद घेऊन अस्लमचाचांकडे गेलो. त्यांनी कुवेतमध्ये बावीस वर्षं ऑफिसात अरबी कागद हाताळले, तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, चाचा, यात कामाच्या जागी काय लिहिलंय ते सांगा. अब्बा म्हणतात स्टोअरकीपर. बंदराच्या कंपनीत. ए.सी. ऑफिस.

चाचांनी चष्मा लावला. कागद पाहिला. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"कुराण किती वेळा पुरं केलंस?"

"दोनदा."

"मग वाच की. मला कशाला विचारतोस?"

खे, अलिफ, दाल, मीम. खादिम.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. हा शब्द मी सोमवारी पहिल्यांदा वाचला नाही. ऑगस्टमध्ये पाकीट आलं त्याच दिवशी वाचला होता. अक्षरं मला येतात. खादिम म्हणजे नोकर, हे मोहल्ल्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मी कागदाची घडी घातली आणि स्वतःला सांगितलं, सरकारी अरबीत याचा अर्थ वेगळा असेल. स्टोअरकीपर असेल. महिनाभर मी सगळ्यांना तेच सांगत होतो. कॉलेजात सरांनाही. रविवारी माझ्या हातातून पत्ते गेले नसते तर मी दोन तारखेला विमानात बसलो असतो आणि तिकडे उतरून चकित झाल्याचं दाखवलं असतं.

म्हणून तुमच्यावर जेवढा राग आहे त्यातला काही माझ्यावर आहे. पण तुमच्यावरचा मोठा आहे. मला शिकवलंत तुम्ही.

कामाच्या रकान्याखाली, ज्याने बोलावलं आहे त्याचं नाव होतं. कंपनीचं नाही, माणसाचं. लांबलचक नाव. पहिला शब्द फहद.

मी चाचांना विचारलं, हा कोण? ते म्हणाले, "तुझे अब्बा ज्या घरात आहेत तिथला थोरला मुलगा. त्याचं लग्न झालं. त्याला वेगळं घर दिलंय." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांना वाटलं होतं मला हे माहीत आहे.

ज्या घरात आहेत. बंदरात नाही, जहाजावर नाही. घरात.

तेव्हा कप्तान कोण ते कळलं. एका श्रीमंत घरातला मुलगा पत्त्यांना कंटाळला. ते त्याने टाकले, तुम्ही उचललेत आणि माझ्यासाठी आणलेत. आता त्याला घर झाडायला माणूस हवा, तर तुम्ही मला त्याच्यासाठी नेता आहात.

काल मी एस.टी.ने पूर्णगडला गेलो. अम्मी मागल्या दारी बांगडे साफ करत होती. मी कागद दाखवला नाही, नुसतं विचारलं.

तिने हात थांबवले नाहीत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"झोया पोटात होती तेव्हापासून. सोळा वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"माणूस दोन वर्षांनी दोन महिने येतो. त्यातले किती दिवस मी त्याला खोटा पाडू?"

"आणि मला पाठवत होतीस? मलाही झाडू मारायला?"

तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. "मी रोज वाट बघत होते, तू नाही म्हणशील म्हणून. तू नुसता हो हो करत होतास. अगदी तुझ्या बापासारखा."

मी तिथे जेवलो नाही. पुढच्या गाडीने परत आलो. अनिलच्या घरी गेलो, तो दारात आला नाही. त्याच्या आईने सांगितलं, झोपलाय. दुपारचे चार वाजले होते.

तुम्ही काय काम करता, याचा मला राग नाही. तुम्ही दुसऱ्याचं घर पुसून मला शिकवलंत, हे मला बारा वर्षांचा असताना कळलं असतं तर मी वेगळा अभ्यास केला असता, वेगळा बोललो असतो. अनिलच्या बापाबद्दल जे बोललो ते बोललो नसतो. रजेवर आलात की तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसायचात, आणि अम्मी पाणी आणून द्यायची, आणि मला वाटायचं साहेब लोक असेच थकतात. कशाने थकत होतात ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत. तो माझा हक्क होता.

मी येत नाही. तिकीट रद्द करा. फहदला जे सांगायचं ते तुम्ही सांगा. या वेळी खरं सांगितलंत तर बरं. झोयाला मीच सांगेन, तुम्ही फोनवर तिच्यासाठी नवीन काही रचू नका.

उत्तर लिहायचं असेल तर लिहा. सकाळी किती वाजता उठता, कुठे झोपता, ते लोक तुम्हाला काय म्हणून हाक मारतात, जेवण त्यांच्या आधी मिळतं की नंतर. सल्ला नको आहे. ख्यालीखुशाली नको आहे. हे नसेल तर कोरं पाकीटही पाठवू नका.

आज सकाळी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरला. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो. दर वर्षी मी तिथे 'बंदरात सुपरवायझर' लिहीत आलो. या वेळी 'घरनोकर, कुवेत' असं लिहिलं. खिडकीतल्या क्लार्कने ते वाचलं, शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हात केला. एवढंच झालं, अब्बा. बाकी काही झालं नाही.

तुमचा मुलगा,
झैन