पलीकडे न पोचलेल्यांची मोजणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, वाहतूक नियोजन कार्यालयातून निवृत्त झालेली मोजणीदार, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाचा विषय निघाला की मात्र ते पुढच्या महिन्याबद्दल बोलायचे टाळतात. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे माझे राहते घर, वरचा मजला, मी माझ्या भाचीला देत आहे. ती माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. ती समोरच, रस्त्याच्या पलीकडे, आईच्या घरात राहते. माझ्या खिडकीतून तिच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसतात. पण मधे सहा पदरी रस्ता आणि लोखंडी कठडा आहे, त्यामुळे इकडे यायचे तर तिला गाडी काढून तीन किलोमीटरचा वळसा पडतो. नऊ वर्षांत ती आलेली नाही. दोष वळशाचा नाही, हे मी जाणून आहे.

२. खालचा मजला भाचीचाच, पण डॉक्टरांचा दवाखाना तिथून हलवू नये. घरापुढचे अंगण मी रस्ता ओलांडणाऱ्यांना थांबायला देत आहे. कुंपणाची भिंत पाडावी, सावलीत एक बाक ठेवावा. आज तिथे ओलांडायची सोय नाही, मग थांबणार कोण, असे वकील म्हणाले. त्यांनी पुढची कलमे वाचावीत.

३. हे कलम गाळा असा मला सल्ला मिळाला होता. मी ते गाळणार नाही.

आमच्या कार्यालयात पायी चालणारे मोजायचा एक नियम होता: पलीकडच्या फुटपाथवर पाय टेकला की एक. जो पोचला नाही, तो मोजायचा नाही. दहा वर्षांपूर्वी माझ्याच घरासमोरची मोजणी माझ्याकडे आली. सकाळी आठ ते अकरा मी कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले. तेव्हा इथे पांढरे पट्टे होते, पण गाड्या त्यांना भीक घालत नसत. माणसे कडेला यायची, थांबायची, एक पाय खाली टाकायची आणि मागे फिरायची. अशी एक्केचाळीस माणसे मी पाहिली. पलीकडे एकही पोचले नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी ताई पलीकडच्या कडेला आली. आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे चष्मा विसरले होते. चष्म्याचे घर उंच धरून तिने मला दाखवले. ती अकरा मिनिटे उभी होती. मग हात हलवून परत गेली.

मी तक्त्यात लिहिले: पायी चालणारे, शून्य.

नियमाप्रमाणे ते अगदी बरोबर होते. त्या शून्याच्या आधारावर पट्टे पुसले गेले आणि रस्ता सहा पदरी झाला. आठ महिन्यांनी मी तापाने पडले होते, तेव्हा ताई मला बघायला निघाली. ती मधल्या दुभाजकापाशी सापडली. कठडा त्यानंतर बसवला.

तेराव्या दिवशी भाचीने विचारले, "मावशी, त्या मोजणीच्या दिवशी आई तुला दिसली होती ना?"

मी म्हणाले, "दिसली होती गं. पण ती पलीकडे पोचली नव्हती."

दुसरे काहीही म्हणता आले असते. मी नियम सांगितला.

४. अंगठ्याने दाबून आकडा वाढवायचे माझे मोजणीयंत्र, ज्याला आम्ही टिकटिकी म्हणतो, तेही भाचीला. तिने घाबरू नये म्हणून आधीच सांगते. ती टिकटिकी रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आपोआप एकदा वाजते. पहिल्यांदा मला उंदीर वाटला, मग माझेच डोके. शेवटी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी आकडा शून्यावर आणला, टिकटिकी टेबलावर ठेवली आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले. ती वाजली, आकडा एक झाला. "जुनी स्प्रिंग आहे," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र ते न बोलावता आले.

मला भीती वाटते, हे कबूल करते. ताईची नाही. रोज एक पाय खाली टाकून ती तशीच उभी राहते, याची वाटते.

५. माझे चालायचे बूट मी आमच्या जुन्या साहेबांना देते. त्यांना आम्ही पाठीमागे 'रुंदीकरण' म्हणत असू. आखलेल्या एकाही रस्त्यावरून ते कधी पायी गेले नाहीत. बूट त्यांच्या मापाचे नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही. माझी सायकल भाचीची. गाडी विक असे मी तिला सांगणार नाही, सांगायला मला तोंडच नाही.

६. चष्म्याचे घर, निळे, कडेला टवका गेलेले. हे माझ्या ताब्यात नाही. ते ताईकडेच राहिले होते; मला बघायला निघाली तेव्हा तिने ते बरोबर घेतले होते, पण रस्त्यावर कोणालाच सापडले नाही. तरी लिहून ठेवते. येईल तेव्हा ते भाचीचे.

७. आणि आता अट. कार्यालयाला उशिरा का होईना शहाणपण सुचले आहे. या रस्त्याचे दोन पदर काढून तिथे ट्राम, सायकलींची वाट आणि झाडे येणार. नकाशा मी पाहिला, जीव हरखला. फक्त आमच्या कोपऱ्यावर कठडा तसाच आहे, कारण जुन्या तक्त्यात इथे चालणारे शून्य आहेत. माझ्याच अक्षरात. पुढच्या महिन्यात नवी मोजणी आहे. नागरिकाने केलेली मोजणीही हरकत म्हणून दाखल करता येते. तेव्हा भाचीने त्या दिवशी आठ ते अकरा माझ्या खिडकीत बसावे आणि कडेला येऊन ज्याचा पाय थबकला, तो प्रत्येक माणूस मोजावा. परत फिरलेलाही. दहा वाजून दहा मिनिटांनी जी वाजेल, तीही धरावी.

बाळ, मला माफ कर असे मी लिहीत नाही. खिडकीत बस, एवढेच लिहिते. कठडा निघाला की मी ताईला आणायला जाईन. तेव्हा आकडा दोन येईल, ती आणि मी. मग टिकटिकी बंद करून ठेव.

सही: (मोजणीदार बाई)
स्थळ: राहते घर, खिडकीची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी वाचून सही केली.
साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: शेजारचे निवृत्त बसचालक

डॉक्टरांची जोड: बाईंच्या आग्रहावरून लिहितो. सहीआधी मी आकडा शून्यावर आणला होता. सही होताच टिकटिकी एकदा वाजली, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. आकडा दोन आहे. कोणीही हात लावलेला नाही. बाईंनी तो स्वतः पाहिला, खिडकीबाहेर कठड्याकडे नजर टाकली आणि मला म्हणाल्या, "मग डॉक्टर, माझे बूट तेवढे साहेबांकडे इतक्यात पाठवू नका, मला अजून पलीकडे चालत जायचे आहे."