सिनेमाची बाजू

आई,

मी इथे लॉस एंजेलिसमध्ये मजेत आहे, जेवतेही वेळेवर. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल बाबांच्या मित्रांबरोबर त्यांच्या लाडक्या चित्रपटमालिकेतला तो नवा अंतराळपट पाहिला, पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट सांगणारा. बाबा गेले तरी त्यांची खुर्ची राखली होती. तिच्यावर त्यांचं अंतराळवीराचं पुठ्ठ्याचं हेल्मेट.

सिनेमा सुटल्यावर सगळे त्याच्यावर तुटून पडले. "कप्तानाचं पार माकड केलं!" ड्वाइटकाका ओरडले. सिनेमा कितीही भिकार असो, इथेच बाबा उठून त्याची बाजू घ्यायचे, भांडायचे.

काका हेल्मेटकडे वळले. "बोल की रे, मर्ल."

शेवटी मीच उठले. "इतका काही वाईट नव्हता," म्हटलं.

एकानेही वाद घातला नाही, आई.

तुझीच,
लोर्ना