हरतालिकेच्या दिवशीची गोळी

आई, महिन्यापूर्वी माझी मुलगी बाराखडी म्हणता म्हणता मधेच थांबली. डोळे डावीकडे वळले, बोटं फ्रॉकची किनार चुरगळत राहिली, आणि मग जिथे थांबली होती तिथूनच ती पुढे म्हणू लागली. मला आठवलं, अकोल्याच्या स्वयंपाकघरात तू चुलीपुढे बसून मला धडा देते आहेस, आणि अशीच अर्ध्या ओळीवर थांबतेस, बोटं पदराशी चाळा करतात. पहिले धडे तुझ्याचकडे झाले माझे. मला वाटायचं, आई विचार करते आहे.

अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, ही आकडी आजीकडून नातीत उतरलेली दिसते. आकडीची गोळी मेंदूत जिथे जाऊन काम करते, ती जागाच काही घराण्यांत जन्मतः निराळी असावी, बीजातूनच येत असावी. नक्की अजून कोणालाच ठाऊक नाही. गोळी तीच, तुझीच. "पण बाई, एक दिवसही चुकवू नका. एकाएकी थांबली की आकडीवर आकडी येते." हे ऐकलं आणि मला ती हरतालिका आठवली.

मी नऊ वर्षांची होते. हरतालिकेचा निर्जळी उपास. गोळी तळहातावर धरून तू विचारलंस, "घोटभर पाण्यानं उपास मोडते का वं?" मी म्हटलं, "मोडते. धरलं ते पाळावं, तूच तर शिकवलं." तू हसलीस. "पंडितीणच झाली माही पोरगी. राहू दे मंग, एका दिवसानं काय होते." दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीच्या नैवेद्याची कणीक मळताना तू कोसळलीस. झटके थांबेनात. दुपारी तू गेलीस.

"आई गोळ्या नियमित घेत होत्या?" अमरावतीच्या डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "रोज." रोज घेऊनही गेल्या, म्हणजे या घरात एवढ्यानं भागायचं नाही, असं म्हणून त्यांनी मुलीची मात्रा वाढवली. आता ती दिवसभर पेंगते, तोंडात घास तसाच ठेवून झोपते. माझं खोटं तिच्या पोटात जातं आहे आणि भरवणारी मीच.

खरं सांगायला दोनदा गेले, दोनदा "बरी आहे" म्हणून परत आले. शेवटी डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. उद्या मुलीचे बाबा ती घेऊन जातील. तुझ्यासाठीचा हा कागद मात्र कुठेच जायचा नाही. चिठ्ठीत लिहिलं आहे की त्या दिवशी आईनं गोळी घेतली नव्हती, विसरली होती.

तू कधीच विसरली नव्हतीस.