एकोणिसाव्या दिवसाचं दार

प्रिय बाळासाहेब,

तुझं उद्घाटनाचं निमंत्रण मिळालं. कागद इतका जाड की मी तो खिडकीच्या फुटक्या तावदानाला लावला. वारा थांबला. तुझ्या कुठल्याही भाषणाचा एवढा उपयोग अजून झालेला नाही.

गुरुवारी तुझी माणसं येऊन वडिलांचं अंडी उबवायचं यंत्र नेणार, कारण तुझ्या नव्या ‘इन्क्युबेशन सेंटर’च्या दर्शनी दालनात ते मांडायचं आहे. तिथे म्हणे तू तरुणांच्या कल्पना उबवणार. मागे मी तिथे आले होते तेव्हा पाहिलं: उद्घाटनाआधीच काचेच्या खोल्यांत माणसं बसलेली आणि दर तासाला कुणीतरी डोकावून विचारतंय, कुठवर आलं. खुडूक बसलेल्या कोंबडीला असं विचारलंस तर डोळा फोडेल. उबवणं म्हणजे दिवसातून तीनदा हात धुऊन तीनशे अंडी एकेक करून कुशीवर वळवणं. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं राहिलं ते कळतं. असे अठरा दिवस. मग दार लावायचं, ते एकविसाव्यापर्यंत उघडायचं नाही. आतली दमट ऊब निघून गेली की कवचाखालचं आवरण वाळतं आणि पिल्लू चोच मारता मारता आतच चिकटून मरतं. येता गुरुवार एकोणिसावा दिवस आहे. हे फोनवर सांगितलं तर म्हणालास, ताई, अंडीच तर आहेत, पुन्हा लाव.

आता तुझी लाडकी गोष्ट. तू सातव्या महिन्यात जन्मलास आणि वडिलांनी तुला या यंत्रात ठेवून वाचवलं. प्रत्येक व्यासपीठावर सांगतोस, सांगताना रुमाल काढतोस. वडील होते तोवर मी गप्प बसले. गोष्ट त्यांनीच रचलेली होती आणि त्यांना तिची गरज होती.

तू जन्मलास तेव्हा यंत्र भरलेलं होतं. एकोणिसावा दिवस. आईने हात जोडले, सुईणीने शिव्या घातल्या, पण वडील दाराला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, पोर काही जगत नाही, ही पिल्लं तरी जगू देत. आई तापाने फणफणलेली. म्हणून सुईणीने तुला माझ्या उघड्या छातीशी फडक्याने बांधलं. मी अकरा वर्षांची. पाच आठवडे शाळा नाही, कूस बदलायची नाही, शिंकायचं तेही भीतभीत.

हे तुला कधीच सांगणार नव्हते. पण कुलूप तोडून यंत्र न्यायची भाषा तू केलीस, म्हणून लिहितेय. रविवारी ये, रिकामं घेऊन जा, हवे तेवढे हार घाल. गुरुवारी मात्र दाराला पाठ लावून मी उभी असेन. ते दार तुझ्या जिवासाठी उघडलं नव्हतं. तुझ्या फीत कापण्यासाठी तर मुळीच उघडणार नाही.

तुझीच,
अजूनही उताणीच झोपणारी
ताई